नवं ऊद परफ्यूम घ्यायचंय? सीमाभागातल्या नवख्यांसाठी थोडं सविस्तर

कुठल्या तरी निश परफ्यूम हाऊसचं नवं ऊद आलं की आठवड्याभरात मला दोन-तीन फोन येतात. कधी चिकोडीहून, कधी खानापूरहून, कधी बेळगावातल्या टिळकवाडीतून. प्रश्न एकच असतो, "ताई, घेऊ काय?" माझं उत्तरही ठरलेलं: बाटली आत्ता नको. आधी दोन मिलीचं सँपल घे, ते एक अख्खा दिवस अंगावर वागव, मग बोलू.

निश म्हणजे फक्त सुगंधाचंच काम करणारी, थोडा माल काढणारी घरं. त्यांचे परफ्यूम महाग असतात आणि आपल्या भागातल्या दुकानांत सहसा नसतात. त्यामुळे न हुंगताच हजारो रुपये मोजण्याचा मोह होतो. ऊदच्या बाबतीत तर हा मोह टाळायलाच हवा, कारण पहिल्या पाच मिनिटांत ऊद जे सांगतो त्यावरून त्याची पारख होत नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू

आपल्या घरांत ऊद म्हणजे पूजेच्या दुकानातला तो पिवळट-तपकिरी खडा. निखाऱ्यावर टाकला की पांढरा दाट धूर येतो, घरभर फिरवतात, बाळाच्या धुरीतही घालतात. तो लोबान, वेगळ्याच झाडाचा डिंक. कन्नडमध्ये उदबत्तीला ऊदिनकड्डी म्हणतात, तिथंही हाच शब्द शिरला आहे. परफ्यूमवाले ज्याला ऊद म्हणतात तो मात्र अगरू. अरबीत ऊद म्हणजे लाकूड, आणि अगरबत्तीतला अगर तोच. अष्टगंधाच्या आठ द्रव्यांतही अगरू सांगितलेला आहे, म्हणजे हे नाव आपल्याला परकं मुळीच नाही.

म्हणून किराणा किंवा पूजेच्या दुकानात जाऊन नुसतं "ऊद द्या" म्हणालात तर लोबान हातात पडेल. अत्तरवाल्याकडे लाकूड हवं तर "अगरचे तुकडे" म्हणा, आणि तेल हवं तर "दहनुल ऊद". एवढं म्हटलं की समोरचा माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

हे लाकूड इतकं महाग का

अगरूचं झाड आसाम आणि त्याच्या पूर्वेच्या देशांत वाढतं. आसामातलं होजाई हे त्याच्या व्यापाराचं जुनं ठिकाण. निरोगी झाड तोडलं तर आत पांढरट, हलकं लाकूड मिळतं, त्याला वास जवळजवळ नसतोच. झाडाला जखम झाली, कीड लागली, आत बुरशी शिरली, की झाड स्वतःला वाचवण्यासाठी त्या जागी काळसर राळ साठवू लागतं. वर्षानुवर्षं ती मुरते. तेवढाच भाग कामाचा. राळेनं गच्च भरलेला चांगला तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो, साधं लाकूड तरंगतं.

जंगलातली झाडं बेसुमार तुटली म्हणून 1995 पासून आसामातली ही जात वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणजे तिच्या व्यापारावर बंधनं आहेत. आता लागवडीही झाल्या आहेत, तिथं झाडाला मुद्दाम जखमा करून राळ तयार करवतात. दुबईला नोकरीला असलेला मामा सुटीला येताना अगरचे तुकडे (चिप्स) आणणार असेल तर त्याला पावती जपून ठेवायला सांगा.

लाकडाचा चुरा पाण्यात भिजत घालतात आणि मग त्याची वाफ धरून तेल काढतात. किती दिवस भिजवलं यावर वास बदलतो. जास्त दिवस ठेवलं की आंबतं, आणि मग तेलाला तो प्रसिद्ध गोठ्याचा, चामड्याचा वास येतो. आसामी ऊद बहुधा असा असतो. कंबोडियाच्या धाटणीचं तेल गोडसर, फळासारखं लागतं. बोर्निओकडचं त्याहून हलकं, लाकडाच्या अंगाचं.

आता नव्या परफ्यूमकडे येऊ. पश्चिमेकडच्या मोठ्या घरांनी ऊद हाताळायला घेतला तो अलीकडेच. ईव्ह सॅं लोरॉंचं एम सेव्हन 2002 मध्ये आलं, टॉम फोर्डचं ऊद वूड 2007 मध्ये, आणि त्यानंतर जो तो ऊद काढू लागला. एवढ्या बाटल्यांना पुरेल इतकं खरं तेल कुठून येणार? म्हणून बहुतेक परफ्यूममध्ये ऊदचा वास बांधलेला असतो: नागरमोथ्याचं तेल, केशराचा भास देणारी द्रव्यं, प्रयोगशाळेत घडवलेले लाकडी रेणू, आणि कधी त्यात खऱ्या तेलाचा एखादा थेंब. मी याला फसवणूक मानत नाही. चांगल्या हातानं बांधलेला वास खऱ्या वाईट तेलापेक्षा कितीतरी सरस असतो. पण "यात शुद्ध ऊद आहे" म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल, तर मग पुरावा मागायचा.

आणखी एक. जाहिरातीत लिहिलेलं असतं: वर केशर, मधे गुलाब, तळाशी ऊद (म्हणजे आधी येणारा, मग येणारा आणि शेवटी उरणारा वास). ही सामानाची यादी नव्हे. वास कसा भासावा याचं ते वर्णन आहे. खोक्याच्या मागची घटकद्रव्यं वेगळी असतात, आणि तिथं अल्कोहोल, पाणी, पर्फ्युम आणि लिनालूल, कुमारिन यांसारखी नावं दिसतात.

घरच्या घरी नाक तयार करा

ही पायरी लोक गाळतात आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपल्या सीमाभागातल्या माणसानं ऊदमधले निम्मे वास लहानपणापासून घेतलेले असतात, फक्त ते इथं भेटतील अशी त्याला कल्पना नसते.

नागरमोथ्यापासून सुरुवात करा. दिवाळीच्या उटण्यात तो असतोच. काष्ठौषधीच्या दुकानातून दहा-वीस रुपयांचा सुटा नागरमोथा आणा, खलबत्त्यात ठेचा, आणि वाटी नाकाजवळ धरा. मातकट, धुरकट, किंचित चामड्यासारखा. डोळे मिटून पुन्हा घ्या. पुढं कधी ऊद परफ्यूम मारलं आणि हाच वास आला, तर तुम्हाला कळेल की बांधणीत काय घातलं आहे.

दुसरी तंबाखू. मी निपाणीची. आमच्या गल्लीच्या टोकाला वखार होती. सुगीत तिची दारं उघडली की आधी नाकाला झिणझिण्या येत, मग सुक्या गवतासारखा गोडवा आणि त्याच्या मागून काकवीसारखं काहीतरी जड. आई पदर नाकाला लावायची, मी मात्र दारापाशी रेंगाळायची. कितीतरी ऊद परफ्यूममध्ये तळाला हा तंबाखूचा धागा असतो. निपाणी-चिकोडीच्या माणसाला तो पुण्या-मुंबईच्या माणसाआधी सापडतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तिसरा दवणा. चैत्रात जोतिबाला वाहतो तो. चुरगाळला की पिकलेल्या फळाचा, मुरांब्याचा वास येतो. दवण्याचं तेल दक्षिणेत, त्यातही आपल्या कर्नाटकात निघतं आणि परदेशच्या परफ्यूमवाल्यांपर्यंत जातं. गोडसर ऊदमध्ये तो किंवा त्याच्यासारखं काही भेटेल.

चौथं चंदन. म्हैसूर सँडल साबणाची वडी तर घरात असेलच. बेंगळुरूच्या सरकारी कारखान्याची ती शंभर वर्षांहून जुनी परंपरा. वडी कोरडीच हुंगा. मऊ, दुधाळ. ऊदच्या कडेला हे ठेवलं की फरक लगेच कळतो: चंदन शांत बसतं, ऊद उठून बोलतो.

आणि गोठा. सकाळी शेण काढण्याआधीचा, गवत आणि जनावराच्या अंगाची ऊब मिसळलेला वास. शहरातल्या लोकांना आसामी ऊदची पहिली फुंकर असह्य होते ती यामुळंच. ज्यांच्या घरी म्हैस आहे त्यांना तो ओळखीचा वाटतो आणि ते थांबून पुढचं घेतात. थांबणाऱ्यालाच पुढचं मिळतं.

अत्तराच्या दुकानात एक संध्याकाळ

बेळगावात खडेबाजारच्या बाजूला जा. रमजानच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत तिथं वर्दळ असते आणि अत्तराचे काउंटर बहरात असतात, पण निवांत बोलायचं असेल तर एरवीची कुठलीही संध्याकाळ बरी. भरपेट मसालेदार खाऊन जाऊ नका. अंगाला आधीच काही लावलेलं नको.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "चाचा, ऊद दाखवा की."

"कसला पाहिजे? लावायचा की जाळायचा?"

"दोन्ही बघते."

"मग बसा की ओ. घाईचं काम नाही हे."

त्यांनी धुपाटण्यात एक निखारा घेतला आणि त्याच्यावर चमचाभर राख पसरली. त्या राखेवर नखाएवढा अगरचा तुकडा ठेवला. मी वाकून बघत होते. फिकट लाकडात काळ्या शिरा होत्या. थोड्या वेळानं त्या शिरा ओल्या दिसू लागल्या, मग एका टोकाला राळेचा बारीक थेंब फुगला, चमकला आणि आत जिरला. धूर जवळजवळ नव्हता. आधी गोड वास आला, मग जुन्या लाकडी पेटीच्या आतल्यासारखा, मग थोडा आंबूस. "थेट निखाऱ्यावर टाकला तर जळक्या लाकडाचा वास येतो," चाचा म्हणाले. "राख मधे पाहिजे." घरी करून बघताना हे लक्षात ठेवा.

मग त्यांनी काचेच्या कांडीनं मनगटावर दहनुल ऊदचा ठिपका टेकवला. तो घेऊन मी गणपत गल्लीतून, मारुती गल्लीतून चालत राहिले. अर्ध्या तासानं गोठा गेला आणि काहीतरी मधासारखं उरलं. त्या संध्याकाळी ऊद मला कळला.

दुकानातले हिशेब असे. अत्तर तोळ्यावर विकतात. एक तोळा म्हणजे साधारण 12 मिली, अर्धा तोळा 6, पाव तोळा 3. सुरुवातीला पाव तोळ्याच्या वर जाऊ नका. शंभर-दोनशे रुपयांत पाव तोळा शुद्ध ऊद कधीच मिळत नाही, ते बांधलेलं अत्तर असतं. लावायला आवडलं तर जरूर घ्या, फक्त शुद्ध समजून घेऊ नका. कानाच्या वळीत फाया ठेवून बघायला मात्र कोणताही भला अत्तरवाला नाही म्हणत नाही. जाताना त्याच्याकडून काहीतरी छोटं घ्यावं, एवढी रीत पाळा.

सँपल मागवताना

हे नाक घेऊन मग नव्या परफ्यूमकडे वळा. काही घरं स्वतःच दीड-दोन मिलीच्या कुप्या विकतात. ते नसेल तर मोठ्या बाटलीतून छोट्या कुप्या भरून देणारे विक्रेते आहेत, त्यांना डिकँटवाले म्हणतात. दोन मिलीत साधारण वीस फवारे निघतात, पाच-सहा दिवस नीट पारखायला भरपूर.

परफ्यूम ज्वालाग्राही असल्यामुळं पार्सल बहुतेकदा विमानानं न येता रस्त्यानं येतं. मुंबई किंवा बेंगळुरूहून बेळगावला यायला दोन दिवस जास्त धरा, अथणी-रायबागकडं त्याहून थोडे जास्त. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मागवून जिवाला घोर लावून घेऊ नका. परदेशातून थेट मागवायचं असेल तर कस्टम ड्युटीचा बोजा आधी विचारून घ्या, कुपीपेक्षा ड्युटी जड व्हायला वेळ लागत नाही.

एका विक्रेत्याकडून मी दहा मिली मागवले होते. आले ते निम्मे सांडलेले, आणि उरलेल्याला नुसता स्पिरिटचा वास. तक्रार केली तर उत्तरच नाही. मला फार लागलं ते. तेव्हापासून नव्या विक्रेत्याकडून पहिल्या वेळी दोन मिलीच घेते आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढते. तुम्हीही काढा.

कुपीवर लिहिलेलं असतं ओ द टॉयलेट, ओ द परफ्यूम, एक्स्ट्रे. ढोबळमानानं पहिल्यात सुगंधी द्रव्य 5 ते 15 टक्के, दुसऱ्यात 15 ते 20, तिसऱ्यात 20 च्या वर. बाकी अल्कोहोल आणि थोडं पाणी. घराघरात फरक पडतो, त्यामुळं आकड्यापेक्षा अंगावर काय होतं ते बघा.

पारखायचा दिवस

सुटीचा दिवस निवडा. सकाळी अंघोळीला कमी वासाचा साबण, डोक्याला वासाचं तेल नको. कातडी नाजूक असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून खाज-लाली येते का ते पाहिलेलं असावं.

एका हाताला एकच फवारा, चार बोटांच्या अंतरावरून. मनगटं एकमेकांवर घासू नका. अल्कोहोल उडू द्या, निदान एक मिनिट नाक लांब ठेवा. मग दहा मिनिटांनी, तासाभरानं, दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळी, असं हुंगत जा आणि दोन शब्द लिहून ठेवा. साधे, आपले शब्द लिहा. माझ्या वहीत "भिजलेलं चामडं", "गुऱ्हाळ, शेवटची काकवी", "नव्या वह्या", "कोर्टाच्या जुन्या फायली" असलंच काहीबाही आहे. जाहिरातीतले शब्द उतरवून काढले तर नाक आळशी होतं.

मधे वास नाहीसा झाल्यासारखा वाटेल. बहुतेक वेळा परफ्यूम तिथंच असतं, नाक थकलेलं असतं. बाहेर चक्कर मारा, किंवा स्वतःच्या दंडाची कोरी कातडी हुंगून परत या. घरातल्या कुणाला तरी विचारा, "वास येतोय का ग?" त्यांचं उत्तर तुमच्यापेक्षा खरं असतं.

एका दिवशी एकच ऊद. फार तर दोन्ही हातांना दोन. तिसरा लावला की सगळं एक होतं.

रात्री झोपताना एक फवारा सुती रुमालावर मारून ठेवा. सकाळी तो रुमाल हुंगा. कापडावर ऊद कातडीपेक्षा जास्त वेळ टिकतो आणि तळाचा भाग तिथं उघडा पडतो. उरलेला वास तुम्हाला आवडला पाहिजे, कारण दिवसातले सर्वांत जास्त तास तुम्ही त्याच्यासोबत काढणार आहात.

ऊन, पाऊस आणि शेजारचा माणूस

इथं माझी एक चूक सांगते. पहिली मोठी बाटली मी न हुंगता मागवली होती. मे महिन्यात अथणीला मावसबहिणीचं लग्न होतं. कडक ऊन, पत्र्याचा मांडव, आणि मी चार फवारे मारून बसले. अर्ध्या तासात वहिनीचं डोकं धरलं, ती उठून मागच्या रांगेत गेली. मलाही मळमळलं. ती बाटली मी कपाटात ढकलली आणि ऊद आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकलं. जुलैत बेळगावात चार दिवस झड लागली होती. कपाट आवरताना बाटली हाती आली, एकच फवारा स्वेटरच्या आत मारला. तोच ऊद, पण आता शेगडीजवळ बसल्यासारखी ऊब आली. दिवसभर मी बाही नाकाला लावत होते.

उष्णतेत द्रव्यं भराभर उडतात, एकदम अंगावर येतात. थंड, ओल्या हवेत सावकाश उलगडतात. बेळगाव-खानापूरचा पावसाळा आणि थंडी ऊदला फार मानवते. अथणी, गोकाक, रायबागच्या उन्हाळ्यात तो लावायचाच तर संध्याकाळी, एकच फवारा, तोही कपड्याच्या आत छातीवर.

बसमध्ये, वर्गात, दवाखान्यात, बाळंतिणीच्या खोलीत जड ऊद नको. देवळात किंवा दर्ग्यात जाताना हरकत नाही, तिथं तो ओळखीचाच वास असतो. एक काळजी मात्र घ्या: शहापुरी साडीवर, पैठणीवर किंवा मोत्यांवर थेट फवारू नका. तेलाचा डाग रेशमावरून जात नाही. आधी अंगाला लावा, वाळू द्या, मग नेसा.

बाटली घ्यायचीच ठरली तर

सँपल संपेपर्यंत वाट पाहा. संपल्यावर चुटपुट लागली तर घ्या, नाही लागली तर पैसे वाचले.

किंमत नेहमी मिलीवर आणा. समजा 50 मिली 12,000 रुपयांना आणि 100 मिली 18,000 ला आहे. पहिल्याचा मिलीचा भाव 240, दुसऱ्याचा 180. मोठी बाटली स्वस्त दिसते, पण दिवसाला दोनच फवारे लागणाऱ्या ऊदची 100 मिली बाटली रोज लावली तरी वर्षभरात संपत नाही. म्हणून नवख्यानं 50 किंवा त्याहून लहान घ्यावी, नाहीतर तिघा-चौघांनी मिळून एक घेऊन वाटून घ्यावी. आमच्या ओळखीतल्या चौघीजणी हेच करतात, आणि त्यात मजा अशी की एकच वास चौघींच्या अंगावर चार तऱ्हेनं येतो.

परदेशी बाटली असेल तर खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, सर्व करांसह किंमत आणि महिना-वर्ष छापलेलं स्टिकर पाहा. खोक्यावरचा बॅच नंबर बाटलीच्या तळाशी आहे त्याच्याशी जुळतो का, तेही पाहा. पक्कं बिल घ्या.

घरी आणल्यावर खिडकीत मांडू नका, न्हाणीघरात तर नकोच. खोक्यात घालून लाकडी कपाटात, खालच्या खणात. पावसाळ्यात खोक्याला बुरशी धरते, म्हणून आत कोरड्या कापडाची घडी ठेवा आणि श्रावणात एकदा बाहेर काढून पुसून घ्या. अत्तराची कुपी काचेचीच हवी, प्लास्टिकची असेल तर घरी आल्या आल्या काचेच्या कुपीत ओता. खोक्याच्या आतल्या झाकणावर पेन्सिलीनं घेतल्याची तारीख लिहून ठेवा आणि खाली तुमचे ते पहिल्या दिवसाचे दोन शब्दही. वर्षभरानं बाटली उघडाल तेव्हा नाक आणि ते शब्द जुळतात का, बघा.